पिंजऱ्याची उत्तरपूजा

रसिका झेंडूची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत शिरली आणि दारातच थबकली. फ्लास्कच्या तोंडावरचा फुगा गायब होता. त्याच्या जागी आंब्याच्या पानांचा टाळ खोचलेला, वर नारळ, आणि काचेच्या गोल पोटावर हळदकुंकवाची पाच उभी बोटं ओढलेली. सकाळी आतला द्रव गर्द निळा होता. आता लिंबाच्या सरबतासारखा फिक्कट पिवळा.

"आई, फुगा कुठाय?"

"काढला. देवाच्या कामात फुगे कसले गो? कोणाचा वाढदिवस हाय?" गंगा म्हणाली. लेकीची प्रयोगशाळा बघायला ती पूर्णगडहून पहिल्यांदाच आली होती, आणि आली ती नेमकी खंडेनवमीला. यंत्रांची पूजा तिने आपणहून मागून घेतली होती. "नि बघ तरी, कलशातलं पाणी कसं सोन्यासारखं झालं! मघाशी निळं होतं. कौल दिलान देवाने."

"काकी, तो कौल नाही, ऑक्सिडेशन आहे," रितेश हसत म्हणाला. तो रसिकाच्या शेजारच्याच टेबलावर संशोधन करायचा; आज माळा ओवत बसला होता. मग त्याला रसिकाचं तोंड दिसलं आणि त्याने माळ खाली ठेवली.

फुग्यात नायट्रोजन होता, बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून. आणि त्या फ्लास्कात रसिकाचे पिंजरे होते, सगळेच्या सगळे. एकेक रेणू म्हणजे एकेक पिंजरा: कोपऱ्यांना धातू, भिंती कार्बनच्या, मध्ये पोकळी. भिंतींत जादाचे इलेक्ट्रॉन मुरले की निळा, हवेने ते ओढून घेतले की पिवळा. इथवर तिला ठाऊक होतं. ओढून घेतल्यावर पिंजरा उभा राहतो की कोसळतो, ते मात्र ठाऊक नव्हतं. तिचे मार्गदर्शक सर गणपतीच्या आधीपासून सांगत होते, "इलेक्ट्रॉन एकदा काढून परत घालून बघ." आणि रसिका गणपतीच्या आधीपासून म्हणत होती, "बघते, सर." एवढाच माल होता. तो मोडला की पुन्हा पहिल्यापासून.

काल जेवताना आईने विचारलंच होतं, "त्या पिंजऱ्यात ठेवतेस काय?"

"काही नाही. पोकळ असतो."

"म्हणजे दोन वरसं रिकामा पिंजरा विणतेस?"

रसिकाने नारळ उचलला, टाळ अलगद बाहेर काढला. काडी द्रवापर्यंत पोचली नव्हती, तेवढं नशीब. शिरलेली हवा हुसकायला तिने नायट्रोजनची नळी आत सोडली. बुडबुडे येऊ लागले. मग तारेची जाळी बुडवली आणि वीज सोडणाऱ्या यंत्राकडे वळली. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

गंगाचा हात मध्ये आला.

"पूजा झाल्या हत्याराला आज हात लावायचा नाय. तुझे बाबा आज होडीला नि जाळ्याला शिवतात काय?"

"आई, इलेक्ट्रॉन गेलेत त्याच्यातले. परत द्यायला हवेत."

"उद्या दसरा. उद्या दे."

"उद्यापर्यंत पिंजरे मोडले तर? सगळा काळा गाळ होऊन तळाशी बसेल."

गंगाने फ्लास्ककडे पाहिलं. मग हातातल्या ताम्हनाकडे.

"माज्यामुळे?"

रितेश खिडकीबाहेर बघू लागला.

गंगाने ताम्हन टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले. चिमूटभर अक्षता घेऊन त्या यंत्रावर टाकल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि दोन्ही हातांनी यंत्र जरासं हलवलं, बोटभर पलीकडे सरकवलं.

"उत्तरपूजा झाली," ती म्हणाली. "देव गेले घरी. आता ह्या नुसतं मशीन. चालव."

रसिकाने बटण दाबलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. पिवळं ते पिवळंच. यंत्रावरच्या अक्षता पंख्याच्या वाऱ्याने एकेक करून खाली पडत होत्या. मग जाळीच्या कडेला उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक निळी रेघ सुटली. तिच्यामागे दुसरी. रेघा खाली उतरत गेल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि बघता बघता फ्लास्कचं अर्धं पोट निळं झालं. रसिकाने मोबाइलची बॅटरी लावून खालून उजेड पाडला. तळ स्वच्छ होता.

"आयला, पिंजरा उभा आहे!" रितेशने फटाफट फोटो काढले. "सरांना काय कळवू? विचारतील, ऑक्सिडेशन कशाने केलंस?"

"आंब्याच्या टाळाने केलं म्हणून सांग."

रसिका हसली आणि तिने पुन्हा एकदा तळाशी उजेड पाडला.

गंगा हसली नव्हती. नाक काचेला लागेल इतकी वाकून ती बघत होती.

"रंग आला, पण ती आतली रिकामी जागा? ती तशीच हाय ना गो?"

रसिकाने फ्लास्ककडे पाहिलं, मग आईकडे.

"तळाला काही बसलं नाही. म्हणजे असणार. पक्कं काय ते रेणू तपासायचं मोठं मशीन सांगेल."

गंगा सरळ झाली. कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीपाशी गेली आणि दोन्ही हातांत धरून फुगा घेऊन आली. तो अजून गच्च होता. आतलं काही जाऊ नये म्हणून तिने त्याचं तोंड माळेच्या दोऱ्याने आवळून बांधलं होतं.