गाडी येईपर्यंत

"व्हिडिओ तुम्हीच पाहिला ना? की लेकीनं बटणं दाबली?" तृप्तीने विचारलं.

आशाबाईला ऑनलाइन परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले होते आणि तृप्तीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची हे शिकवत ती चार वर्षं जालना एमआयडीसी पालथी घालत होती. मोबाइलवरचा अर्धा कोर्स घरची पोरं उरकतात, हे तिला पाठ झालं होतं. उरलेला अर्धा मात्र स्वतःच्या हातांनी करावा लागे. आज तो बियाण्यांच्या एका कारखान्यात होता. गोदामात ताडपत्री अंथरलेली, भोवती बियाणं निवडणाऱ्या दहा बाया आणि मधोमध कमरेपर्यंतचाच रबरी पुतळा.

"म्याच पाह्यला," आशाबाई म्हणाली. "सात डाव. अंजूनं निस्ता लावून देल्ता."

ती खाली बसली. गुडघा पुतळ्याला लागला, तशी तिने चटकन त्याला हात लावून नमस्कार केला. बाया फिदीफिदी हसल्या. मग तिने छातीवर तळवे ठेवून दाबलं, पण तान्ह्या लेकराला तेल लावावं इतक्या हलक्या हाताने. पुतळ्याच्या खांद्यावरचा दिवा लालच राहिला.

"जोरात दाबा. लाल म्हणजे नापास. भीती कसली वाटते?"

आशाबाईचे हात तसेच राहिले. "मागल्या महिन्यात हितला हमाल तातेराव पडला, भायेर वजनकाट्यापाशी. म्या कांदा फोडून त्येच्या नाकाला लावला. दवाखान्याची गाडी यायला बावीस मिनिटं लागली, मॅडम. बावीस मिनिटं म्या कांदाच धरून बसल्ते. गाडी आली, पर त्यो गेल्ता."

आता कुणी हसलं नाही. "पुन्हा करा," तृप्ती म्हणाली.

या वेळी आशाबाईने सगळा भार हातांवर टाकला. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. तीसदा दाबणं, दोनदा फुंकणं. तिच्या श्वासाने रबरी छाती वर आली तेव्हा मागून कुणीतरी "अगं बया!" म्हणालं.

दोन मिनिटं झाली. "बस, आशाबाई. पास झालात."

हात थांबले नाहीत.

"आशाबाई, झालं आता!"

"गाडी आली का?" तिने मान वर न करता विचारलं. "व्हिडिओतली बाई सांगती, गाडी आल्याबिगर सोडायचं न्हाई."

तृप्तीने बोलायला तोंड उघडलं, तोवर बायांमधून पुष्पाबाई पदर खोचून पुढे आली होती. "थकली तू. सरक जल्दी, आता म्या."

तिच्यामागून तिसरी आली, मग चौथी. कुणाला हाक मारावी लागली नाही. हात बदलत होते, सगळ्याजणी मिळून मोजत होत्या आणि घाम पुतळ्यावर टपटप गळत होता. शेकडो माणसांना तृप्तीने हे शिकवलं होतं. हे असं असतं हे मात्र ती आज पहिल्यांदाच बघत होती. आपण मघाशी या बाईला काय विचारलं, ते आठवून तिला लाज वाटली.

विसाव्या मिनिटाला पाळी फिरून आशाबाईवर आली. दिवा हिरवाच होता.

बावीस मिनिटं भरली, तशी तृप्ती गोदामाच्या दारापर्यंत चालत गेली. बाहेर रिकाम्या वजनकाट्यावर ऊन पडलं होतं, बाकी चिटपाखरू नव्हतं. ती वळली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

"आली! गाडी आली, आशाबाई!"