बरणीच्या तळाशी

भर पाण्यात होडीच्या मोटारीचा दम गेला आणि दादा-वहिनी वल्ही मारत कसेबसे काठाला लागले. धाकटा भाऊ मोटारींचा मेकॅनिक. त्याने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. वर पेट्रोल, तळाला चार बोटं पाणी.

"भरताना तुझ्याच हातून पाणी गेलं असणार, दादा!"

काल टाकी धुऊन, न वाळवताच भरली होती ती धाकट्यानेच.

बरणीत धाकट्याला स्वतःचा चेहरा दिसला. पेट्रोलमध्ये ताठ, पाण्यात मान खाली घातलेला. त्याने हनुवटी वर उचलली. पाण्यातली मान आणखी खाली गेली.

त्याने घाईघाईने बरणीवर फडकं टाकलं. वहिनीने ते उचललं.

"भाऊजी, वर तुम्ही दिसताय. मग खाली मान घालून हा कोण?"