इंद्रानीचा मामू

जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. हसू येण्यासारखी नाही. पण मन लावून ऐकाल तर एका गेलेल्या जिवाला तेवढाच आधार होईल.

हरदतची शवपेटी अंगणात दोन बाकांवर ठेवली होती. झाकण उघडं होतं. पंडितजींचं निरूपण ऐन रंगात आलं होतं आणि मागे ढोलक हलकी चालली होती. गाता गाताच ते म्हणाले, "आता एकेकाने पुढे या. जाणाऱ्याला आपापल्या नात्याने हाक मारा, म्हणजे त्याला पुढची वाट सापडते."

पहिला मान बायकोचा. ओमाती उठली, दोन पावलं चालली आणि थांबली. हरदत तिचा नवरा होता, हे त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक आहे असं ती धरून चालली होती. एक ती आणि दुसरा एल्रॉय.

गयानात, बर्बिसला, बांबूच्या मांडवाखाली त्यांचं लग्न लागलं होतं. साक्षीला अग्नी होता, सरकारी वही नव्हती. पुढे साखरेचा कारखाना बंद पडला. तान्ह्या इंद्रानीला घेऊन दोघं या बेटावर आली. वर्षभरात राहण्याचे परवाने संपले. राहायचं तर एकच वाट उरली होती. कागदावर ओमाती बिनलग्नाची होती, म्हणून तिने इथलाच नागरिक असलेल्या एल्रॉयशी नावापुरतं लग्न केलं. हरदत तिचा भाऊ झाला. एल्रॉयचा फोटो भिंतीवर लागला, त्याचे सदरे दारातल्या दोरीवर वाळू लागले. तो स्वतः मात्र बंदरापाशी आपल्या आईकडेच राहायचा, आणि वाटेत हरदत भेटला की डोळा मारून "काय मेव्हणे!" म्हणायचा. इंद्रानी बोलायला शिकली ती हरदतला मामू म्हणतच.

कायमचं राहू देणारा कागद दोन आठवड्यांवर आला होता. तो हातात पडला की पोरीला खरं काय ते सांगायचं, असं नवराबायकोने ठरवलं होतं. सोमवारी हॉटेलच्या बांधकामावर परांचीची फळी मोडली आणि हरदत चौथ्या मजल्यावरून खाली आला.

परवाना खात्याच्या मिस जोसेफ फुलं घेऊन आल्या होत्या. बाई मनाने वाईट नव्हती. पण तिची नजर ओमातीवरून हलत नव्हती. तेव्हा एक चुकीचा शब्द गेला असता, तर मायलेकी पुढच्या बोटीने परत, आणि परत तरी कुठे?

ओमातीने पेटीची कड धरली. ओठ दोनदा हलले.

"भैया," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

शेजारची भागमती काकी पुढे झाली. "अगं, भाऊ गेला म्हणून नवरा गेल्यासारखी काय लोळतेस? तुझा नवरा तो बघ, धडधाकट उभा आहे काळ्या कोटात. घामाने भिजलाय बिचारा. त्याला जरा पाणी तरी विचार!"

एल्रॉय लगबगीने आला. ओमातीला उठवताना तिच्या कानाशी म्हणाला, "मिस ओमा, माझा हात धर. ती बाई बघतेय."

तिने हात धरला.

मग आठ वर्षांची इंद्रानी गेली. पेटीत वाकून तिने हाक मारली, "मामू." डोळ्यांतून थोडं पाणी आलं, ते तिने फ्रॉकने पुसलं आणि जाग्यावर येऊन बसली. मिस जोसेफ तिच्यापाशी गुडघ्यांवर बसल्या.

"हा तुझा कोण होता, बाळ?"

"मामू. माझ्या माचा भाऊ."

"आणि डॅडी?"

इंद्रानीने एल्रॉयकडे बोट केलं. मिस जोसेफनी तिच्या केसांवरून हात फिरवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि त्या निघाल्या. गाडी वळणाआड गेली तसा एल्रॉयने ओमातीचा हात सोडला.

ओमाती मात्र पोरीकडे बघत राहिली. आपणच शिकवलं आणि पोर किती छान शिकली! बापाच्या देहापुढे उभी राहिली, आणि तो आपला बाप आहे हेच तिला माहीत नाही.

झाकण लावायला माणसं उठली. इंद्रानीने आईचा पदर ओढला.

"मा, गेली ती बाई?"

"गेली."

"मग आता पा म्हणून हाक मारू?"

ओमाती तिच्यापाशी वाकली. "तुला... कोणी सांगितलं?"

"पा-नेच. पोहायला शिकवताना. पाणी गळ्याशी आलं की तिथे पा म्हणायचं, वाळूवर आलो की मामू. तुला सांगायचं नाही म्हणाला. तू रडतेस म्हणून." मग ती आणखी जवळ आली. "मघाशी मी मामूपुरतीच रडले, मा. आता उरलेलं रडू?"

ओमातीने वर पाहिलं. भागमती काकीची मान इकडेच वळली होती. अंगण माणसांनी भरलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला तोंड होतं.

"दोन आठवडे थांब, बेटी," ती म्हणाली.

इंद्रानीने मान डोलावली. झाकण लागलं.

कागद आला, दोन आठवड्यांनी बरोब्बर आला. पण त्या दिवशी पोरीने काही हाक मारली नाही, आणि बापाच्या नात्याची हाक हरदतला मिळालीच नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, सांजेला दिवा लावाल तेव्हा हरदतचं नाव घ्या. इंद्रानीचा बाप म्हणून घ्या.