साल्वोशेठ नामपूरला जेवला

“कोणी खरं मानणार नाय, पण शिकागोचा साल्वोशेठ आपल्या नामपूरला येऊन जेवून गेलाय,” वाल्मीकआबा म्हणाले आणि मांडीवरचं जाडजूड पुस्तक त्यांनी मिटून टाकलं. आता पुस्तकाची गरजच नाही, असा चेहरा.

लेकाच्या शहरातल्या घरी पलंगावर कुसाबाई पडलेल्या. डोळे उघडे, छताला लागलेले. संक्रांत सरली न सरली तोच झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. अंगात हळूहळू जीव आला. शब्द काही आला नाही. “त्यांना सगळं समजतंय,” डॉक्टर म्हणाले होते, “शब्दही आत आहेत. तुम्ही बोलत राहा. फार दिवस गेले तर मात्र वाट बुजत जाते.”

वाट बुजू नये म्हणून सून तेजस्विनी रोज चित्रांचे पत्ते धरायची. गाय, घर, पेला. जन्मभर गुरांत वावरलेली बाई. कागदाची गाय पाहून त्या तोंड फिरवायच्या.

मग आबांनी कपाटातून आपली पुस्तकं काढली. मनमाडला रेल्वेत असताना फलाटावरच्या स्टॉलवरून घेतलेली, अमेरिकेतल्या टोळ्यांची. वेष्टनावर हॅट, पिस्तूल आणि धूर. प्रत्येक पुस्तक वाचून झालं की आबा ते बायकोला सांगायचे, वर आपल्या पदरचं दोन शेर घालून. आणि पदरचं नेमकं कुठून सुरू झालं ते कुसाबाई भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगायच्या.

गंगापूर रोडवरची वाहनं दुपारच्या उन्हात पेंगुळली होती. कूलरच्या गार वाऱ्यानं पडदा फुगत होता, पडत होता. आबा बोलू लागले तसं खोलीत शिकागोचं बर्फ पडू लागलं.

“तळं असं गोठलेलं की काय सांगू. त्या तळ्यापुढं आपलं धरण म्हणजे जेवायची पितळी. सरकारची दारूबंदी आणि अख्ख्या शहराला तहान. मग त्या बर्फावरून ट्रक निघाले, दिवे मालवून, पोटात पिंपं. आणि सगळ्यांच्या पुढं साल्वोशेठ. पायी. हॅट हातात, कान बर्फाकडं. कुठं तडकतंय ते ऐकत ऐकत चाललाय, आणि मागं ट्रक कसे, वरातीतल्या बैलगाड्यांसारखे.”

इथपर्यंत पुस्तकात होतं.

“पण दुसऱ्या टोळीनं त्याची सुपारी दिली. बिचाऱ्याला आपल्याच शहरात चहा पिणं मुश्कील. एका सकाळी धुकं पडलं होतं, धुक्यात एक गाडी उभी होती. तो चढला, खिडकीला डोकं टेकलं, डोळा लागला. जाग आली तर बाहेर पोरं ओरडतायत, चाय गरम! पाटी वाचली. मनमाड.”

“आबा,” दारातून तेजस्विनी हसली, “अमेरिकेतून मनमाडला रेल्वे?”

“जंक्शन हाय बाई ते. मनमाडला कुठूनबी गाडी येते.”

आबांनी चोरून पलंगाकडे पाहिलं. सुनेनं थाप धरली, त्याला काय मोल? ज्या बाईनं धरायची तिची पापणीसुद्धा हलली नव्हती.

त्यांनी थाप आणखी फुगवली. “तिथून तो नामपूरला आला. बाजार समितीत कांद्याचा लिलाव चाललेला. याला ऊन लागलं म्हणून यानं हॅट सारखी केली. पुकारणाऱ्याला वाटलं, शेठनं बोली वाढवली. ढीग याच्या नावावर! यानं नको म्हणून हात हलवला, तर दुसरा ढीग! सांजेपर्यंत निम्मा बाजार साल्वोशेठचा. शिकागोत जे पिस्तुलानं जमलं नाय, ते नामपुरात नुसत्या हॅटनं जमलं.”

तेजस्विनी पदर तोंडाला लावून हसत होती. कुसाबाई छताकडेच.

डॉक्टर चुकले असतील तर? आत कोणीच नसेल तर? पुस्तकाच्या कडेवरून आबांचा अंगठा उगाच फिरत राहिला. थांबावं असं वाटलं. पण थांबलं की खोलीत नुसता कूलर उरायचा, आणि तो आवाज त्यांना ऐकवत नव्हता.

आता ते हळू बोलू लागले. कोणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, समोर दिसत होतं म्हणून.

“आखाजी होती, गेलेल्यांच्या नावानं घास ठेवायचा सण. लिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. साल्वोशेठ आपल्या गावच्या अंगणात मांडी घालून बसला. हॅट गुडघ्यावर. पुढं आमरसाची वाटी. वाटीला हात लावीना. त्याची आई लांब कुठं समुद्रापल्याड वारलेली, मातीलाबी जाता आलं नव्हतं त्याला. आणि तू चुलीपाशी. पुरणाचा मांडा हातावर घेतलास, कोपरापर्यंत ताणलास, असा पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. शेठ बघतच राहिला. मग तू तो चुलीवरच्या तव्यावर अलगद…”

पलंग करकरला.

कुसाबाईंची मान वळली होती. डोळे छतावरून उतरून सरळ आबांवर आले होते, आणि त्यांत चांगलाच राग होता. डावा हात चादरीवरून उठला. तळवा खाली, बोटं वाकवलेली, चुलीवर मातीचं भांडं उपडं घालावं तसा. ओठ वाकडे झाले, मिटले, पुन्हा उघडले. तेजस्विनी जागची हलली नाही.

“लबाड,” कुसाबाई म्हणाल्या. “तवा नही. खापर.”