बाबांचा नवा आवाज
वाचा गेल्यापासून बाबा एका बोटाने अक्षरं निवडायचे आणि कॉम्प्युटर ते वाक्य बोलायचा. बाबांशी भांडून गेलेला माझा धाकटा भाऊ कित्येक वर्षांनी येणार, तर आवाज स्पष्ट यावा म्हणून मी त्या प्रोग्रामचा नवा सोर्स कोड इंटरनेटवरून उतरवला. ओटा पुसल्याशिवाय स्वयंपाकाला न लागणारी मी. जुना प्रोग्राम आधीच पुसून टाकला. पण कोडपासून चालता प्रोग्राम बनवणाऱ्या माझ्या जुन्या कंपायलरला नवा कोड पचेना. एक एरर मिटवली की दोन उगवायच्या. तेवढ्यात भाऊ आलाच. बाबांचं बोट सारखं कीबोर्डकडे. "हात काढा हो बाबा, एकच एरर राहिलीय!" भावाने चहा संपवून बॅग उचलली. "फोनवर म्हणालीस, कॉम्प्युटरवर घडाघडा बोलतात. माझ्याशीच नाही वाटतं." "अरे, प्रोग्राम बंद पडलाय!" "किती सांभाळून घेशील त्यांना, ताई?" त्याची गाडी गेल्यावर प्रोग्राम चालू झाला. बाबांनी अक्षरं निवडली. कॉम्प्युटर खणखणीत म्हणाला, "जेवून जा."