अनवाणी नवस

नातू मांडीवर येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा नवस बनाबाईंनी देवीला बोलला, त्याला हा तिसरा उन्हाळा. जामखेडच्या बाजारातून तापलेल्या डांबरावरून त्या अनवाणी घरी आल्या की सून दीपा सुई घेऊन त्यांच्या तळपायातले काटे काढायला बसायची.

"लेकराची ओढ बाईच्या रक्तातच असती. गाईला कोन शिकवतं?" पाय पुढं करत बनाबाई म्हणाल्या. "तुला न्हाई का गं वाटत?"

"वाटायचं की, आत्याबाई. पोटात पोरगी हाय म्हनून तुमी पाडायला लावलं ना, तवर लई वाटायचं. आन् नातूच पायजे, ही ओढ बी रक्तातलीच का?"

"झालं गेलं कशाला उकरतीस? आता देवी पोरगाच दील, बघ."

दीपानं शेवटचा काटा काढला, भेगांवर खोबरेल चोळलं आणि हात धुऊन ती आत गेली.

 

पेटीतून तिनं त्या पोरीसाठी शिवलेली कुंची काढली, तिच्यात लपवलेलं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट उघडलं आणि आजची गोळी गिळली.