थोरलीचं शिफारसपत्र

मेल आला तेव्हा थोरली सोंडकिडे मोजत होती. दोनशे एक्काहत्तरपर्यंत आली होती. मोजणी मध्येच सोडली की पुन्हा एकपासून सुरुवात, म्हणून तिने डबीतले सगळे किडे मोजून संपवले, वहीत तीनशे बारा लिहिले, झाकण घट्ट लावलं आणि मगच मेल उघडला. चार महिने वाट पाहिलेल्या माणसाला आणखी एक्केचाळीस किडे म्हणजे काय!

विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मिळाली नव्हती.

म्हणजे काहीच मिळालं नव्हतं. शिष्यवृत्तीवाचून तिथे शिकायचं तर राहतं घर विकावं लागलं असतं, आणि घर भाड्याचं होतं. वयाची अटही यंदाच संपत होती. पुढच्या वर्षी अर्ज करायचीसुद्धा सोय नव्हती.

"काय गं थोरले, आलं का?" धांदल्याने पलीकडच्या टेबलावरून विचारलं. त्याचं उत्तर महिन्यापूर्वीच आलं होतं, शिष्यवृत्तीसकट. आता तो लॅबमध्ये फक्त चहा प्यायला येत असे.

थोरलीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

धान्यातल्या किडींची ती लॅब. तिथले सर म्हणजे बडं प्रस्थ. पोत्याला नुसता कान लावून आत किती किडे आहेत ते सांगायचे. त्यातले नर किती, माद्या किती, तेही सांगायचे म्हणे. हल्ली त्यांना कमी ऐकू येई. तेव्हा कान थोरली लावायची आणि आकडा सर सांगायचे. शिफारसपत्रं लिहायचा मात्र त्यांना पहिल्यापासून कंटाळा. ज्याचं पत्र त्यानेच लिहून आणायचं, सर डोळे मिटून सही करणार, अशी तिथली रीत. पण स्वतःची तारीफ लिहिताना भल्याभल्यांना घाम फुटतो, त्यामुळे जो तो थोरलीकडे यायचा. सहा वर्षांत तिने अकरा जणांची पत्रं लिहिली. धांदल्याने तीन सूक्ष्मदर्शकं फोडली होती. तिने लिहिलं, 'उपकरणांच्या मर्यादा तपासून पाहण्याचं धाडस या विद्यार्थ्याकडे आहे.' दुसरा एक किडे मोजता मोजता घोरायचा. त्याच्या अंगी तिला 'दीर्घ निरीक्षणाचा संयम' आढळला. अकराच्या अकरा जणांना शिष्यवृत्ती मिळाली. घोरणाऱ्यासाठी तर दोन विद्यापीठांत जुंपली.

बारावं पत्र तिचं स्वतःचं होतं.

धांदल्या मेल मोठ्याने वाचत होता. "'मार्गदर्शकांनी आपल्याविषयी एवढंच कळवलं आहे, की आपण सांगितलेलं काम वेळेवर पूर्ण करता...' सरांनी असं लिहिलं? सहा वर्षं राबवून घेतलं, आणि एवढंच?"

"ते मीच लिहिलंय."

"तू?" धांदल्या उडालाच. "अगं, मला धाडसी केलंस! मला! चहाचा कप धरता येत नाही मला!"

"आपल्याच तोंडाने आपलं काय सांगायचं? म्हटलं, सर वाचतील. घालतील दोन शब्द पदरचे."

"सर? वाचतील?" त्याला हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. मग त्याला मेलची शेवटची ओळ दिसली. फेरविचार हवा असल्यास मार्गदर्शकांचं नवं पत्र आज पाचच्या आत पाठवावं. साडेचार वाजून गेले होते.

त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि तशीच सरांच्या खोलीत नेली.

सरांनी मेल वाचला. मग तिचं जुनं पत्र शोधून वाचलं, पहिल्यांदाच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता.

"मी तेव्हा कशाला वाचत बसू?" ते म्हणाले. "म्हटलं, तुझं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

"सर, मी लिहितो हिचं पत्र," धांदल्या पुढे झाला.

"तू माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस. बाहेर हो." सर खुर्चीवरून उठले. "बस गं इथे. तुझ्या हातचं पत्र आजवर वाया गेलेलं नाही. लिही नवं, झालं की लगेच सही करून पाठवतो."

थोरली सरांच्या खुर्चीत बसली. तिने टाइप केलं: 'ही विद्यार्थिनी गेली सहा वर्षं माझ्याबरोबर काम करत आहे.' पहिली ओळ अकराही पत्रांत जवळपास अशीच होती. दुसऱ्या ओळीपासून तिची बोटं धावायची. घोरणाऱ्याच्या वेळी तर ती मध्ये पाणी प्यायलाही उठली नव्हती.

आता तिने एक शब्द लिहिला. खोडला. दुसरा लिहिला, तोही खोडला. दाराच्या काचेला नाक लावून धांदल्या बाहेरून हातवारे करत होता.

"पाचला सात कमी," सर म्हणाले. "पुढे काय?"

"सर..." तिने मान वर केली नाही. "हुशार आहे, असं लिहू?"

सर वाकले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. इतक्या जवळून, इतका वेळ त्यांनी आजवर फक्त किडेच पाहिले होते.

"आहेस का?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं, आणि नीट ऐकू यावं म्हणून कान पुढे केला.